लायब्ररीत एआय व्हर्च्युअल ह्युमन, कोणी वापरलाय का?

पुस्तककिडा:
आमच्या काउंटरला दोनच जण आणि दिवसभर तेच ते, हे पुस्तक आहे का, रिन्यू कसं करायचं, दंड किती झाला. आता कमिटीच्या डोक्यात आलंय की स्क्रीनवर बोलणारा एआय माणूस बसवायचा, ओठबिठ हलतात त्याचे. डेमो भारी होता पण डेमो काय सगळ्यांचेच भारी असतात. खरंच उपयोग होतो की चार दिवस सेल्फी काढून लोक विसरतात?

कोडवाला:
चेहरा सोडा, मागे काय जोडलंय ते विचारा आधी. नुसतं लँग्वेज मॉडेल, म्हणजे शिकलेल्या मजकुरावरून वाक्यं जुळवणारं एआय, असेल तर जगात नसलेलं पुस्तकसुद्धा लेखकासकट छातीठोकपणे सांगेल. उत्तर तुमच्या कॅटलॉगमधूनच यायला हवं, आणि पुस्तक आत्ता शेल्फवर आहे की इश्यू झालंय तेही लाइव्ह. कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याला एपीआय आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला त्यातली माहिती घेता येते, जमतं. आणि हो, उत्तराला दोन-तीन सेकंद लागले तरी लोकांना वाटतं ऐकू गेलं नाही, मग परत ओरडून विचारतात आणि सगळाच घोळ 😅

काउंटरवरची:
आम्ही सहा महिने वापरला. वेळ, रिन्यूअल, अमुक विभाग कुठे, एवढं झकास सांगायचा. पण एक आजोबा आले, म्हणाले ते निळ्या कव्हरचं, विहिरीची गोष्ट आहे बघ त्यात. ह्यानं त्यांना थेट ६२८ च्या रॅकला पाठवलं, पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरिंगला! मी फक्त विचारलं, कादंबरी की कथा, आणि कधी नेलं होतं, लगेच सापडलं. वाचकाचा वेळ वाचवा असं ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन १९३१ मध्ये लिहून गेलेत, इथे आजोबांची पंधरा मिनिटं गेली.
एक मात्र खरं, जे आम्हाला विचारायला लाजतात ते त्याला बिनधास्त विचारायचे. फक्त एका मुलीनं एका आजाराबद्दल हळूच विचारलं आणि ह्यानं स्पीकरवर अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, बिचारी निघूनच गेली. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावले.

पुस्तककिडा:
बापरे, हे डेमोत कोणी बोललंच नाही. आणि कॅमेरा, रेकॉर्डिंग वगैरे?

काउंटरवरची:
कोणी काय विचारलं ते कुठे साठतं आणि कधी पुसतं हे लेखी घ्या. आणि "ग्रंथपालांना बोलवा" असं मोठं बटण मागा, आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच दाबलं जायचं.