चर्चा: इटलीतले बांध रोमनांनी टिकवले की शेतकऱ्यांनी?

बांधकरी
काल रात्री झोप येईना म्हणून उपग्रह नकाशा उघडून बसलो. उत्तर इटलीत चेझेना आणि लुगोच्या आसपासचा भाग मोठा करत गेलो, तर शेतं, चर, वाडीवस्तीचे रस्ते सगळं चौकटीच्या वहीत आखल्यासारखं. दोन समांतर रस्त्यांमधलं अंतर मोजलं, ७१० मीटरच्या आसपास. पुढच्या दोघांमधलं, तेच.

ही रोमन मोजणी. इ.स.पू. १८७ मध्ये एमिलियस लेपिडस या कॉन्सलने (रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) रिमिनीपासून पिआचेंझापर्यंत रस्ता काढला, व्हिया एमिलिया. त्या पट्ट्यात जमिनीचे चौकोन पाडून वसाहतकऱ्यांना वाटले. एक चौकोन म्हणजे सेंतुरिया, त्यात २०० युगेरा. बैलजोडी दिवसभरात नांगरेल तेवढं रान म्हणजे एक युगेरम, आपले साधारण २५ गुंठे. म्हणजे अख्खा चौकोन सव्वाशे एकरांचा.

माझं म्हणणं असं की रोमने तिथे नुसते रस्ते सोडले नाहीत, समाजाचा सांगाडाही सोडला. जमीन मोजलेली, बांध सरळ, मालकी नोंदलेली. अशा ठिकाणी भांडणं कमी, बाजार सोपा. हा पट्टा आजही इटलीतल्या सधन भागांत मोडतो, तो उगाच नाही.

निचरा
पहिल्या अर्ध्याशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही.

साम्राज्य ढासळल्यावर त्या चरांकडे बघायला कोण होतं? अपेनाइन डोंगरातून उतरणाऱ्या नद्या गाळ आणत राहिल्या. त्याच पट्ट्यातल्या मोडेना शहरात रोमन काळाचा थर आजच्या रस्त्याखाली काही मीटर खोल सापडतो. तुम्ही नकाशावर बघताय ती रोमनांनी खणलेली चारी नाही. ती गाळाने भरली, कुणीतरी पुन्हा उपसली, पुन्हा भरली, पुन्हा उपसली. मठांनी, गावांनी, कुळांनी. आजही तिथे जमीनमालकांकडून पट्टी घेऊन कालवे राखणारी मंडळं आहेत. आणि एवढं करूनही २०२३च्या मे महिन्यात लुगो, फाएन्झा पाण्याखाली गेलीच.

समाजाचं म्हणाल तर तिथला खरा सांगाडा मध्ययुगातला. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब दुसऱ्याचं, पीक निम्मं निम्मं. आपल्याकडची अर्धेलीच म्हणा ना! असे नवे करार करायला इटलीने १९६४ साली कायद्याने बंदी घातली. शेकडो वर्षं ज्यांच्या ताटात निम्मंच पडलं, त्यांना २५ गुंठ्यांची रोमन मोजणी काय कामाची?

बांधकरी
पण मग पुन्हा उपसताना त्याच रेषेवर का उपसली? नवी रेष का नाही आखली?

निचरा
कारण पाणी उताराने जातं. रोमन मोजणीदार हुशार होते, त्यांनी बऱ्याच ठिकाणी चौकट उतार बघून लावली. रेष टिकली ती सोयीची होती म्हणून, रोमन होती म्हणून नव्हे. शिवाय शेजाऱ्याचा बांध असतोच. तो हलवायचा म्हटलं की काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको.

रेडिंगकर
निचरांच्या बाजूने एक साक्ष. मी इंग्लंडात राहतो. माझ्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर सिल्चेस्टर आहे, रोमन नाव कॅलेव्हा. चांगलं मोठं शहर, आखीव रस्ते, सार्वजनिक स्नानगृह, गावाबाहेर अँफिथिएटर. आज तटबंदी उभी आहे, आत नुसतं गवत. तटावरून चक्कर मारायला तासभर लागतो, गेल्या खेपेला भेटल्या त्या फक्त गाई. पूर्वेच्या वेशीजवळ एक छोटं चर्च, एवढीच काय ती वस्ती.

म्हणजे इथेही रोमनांनी चोख आखलं होतं. पण पाचव्या शतकात सैन्य आणि पगार दोन्ही गेले, मग शहर चालवायचं कुणासाठी? भाषासुद्धा राहिली नाही. फ्रान्स-इटलीत लॅटिनच्या लेकी बोलतात, इथे अँग्लो-सॅक्सनांची भाषा. उरलं काय, तर वॉटलिंग स्ट्रीट या रोमन रस्त्यावरचा आजचा ए-५ रस्ता आणि गावांच्या नावामागचं ‘चेस्टर’, म्हणजे छावणीसाठीच्या लॅटिन शब्दाचा अवशेष.

पोसायडन
अवांतर: कोल्हापूरला ब्रह्मपुरीत रोमन बनावटीची कांस्यमूर्ती सापडली होती ना? मग आपल्याकडेही रोमन वसाहत म्हणायची का?

बांधकरी
नाही हो. तो व्यापाराचा माल. वसाहत म्हणजे जमीन वाटणं. (सदस्यनाम मात्र त्या मूर्तीला साजेसं घेतलंत.)

उठवलेला
इतका वेळ नुसतं वाचत होतो. ‘जमीन वाटली’ हे तुम्ही दोघंही फार सहज लिहिताय. कुणाची वाटली?

तो पट्टा बोई नावाच्या केल्टिक लोकांचा होता. इ.स.पू. १९१ मध्ये हरल्यावर त्यांची निम्मी जमीन काढून घेतली. दोन वर्षांनी बोलोन्यात ३,००० वसाहतकरी आणून बसवले, घोडेस्वाराला ७० युगेरा, बाकीच्यांना ५०. इ.स.पू. १८३ साली पार्म्यात माणशी ८ आणि मोडेनात ५ मिळाले, म्हणजे जेमतेम तीन एकर. उच्चनीच त्या चौकटीतच आखलेली होती. सधनतेचं श्रेय द्यायचं तर हेही त्याच खात्यावर मांडा.

फ्रान्समध्ये ओरांज इथे इ.स. ७७चा जमिनीचा नकाशा सापडलाय, संगमरवरावर कोरलेला. सरळ म्हणायचं तर दगडातला सातबारा. त्यात निवृत्त सैनिकांची जमीन वेगळी दाखवलीय, आणि तिथल्या मूळ त्रिकास्तिनी लोकांना ‘परत दिलेली’ वेगळी. परत दिलेली कोणती? बरीचशी हलकी. हे वाचलं तेव्हा हसू आलं. आमचं मूळ गाव धरणाखाली गेलं. बदल्यात मिळालेलं रान कागदावर चार एकर भरतं. आजोबा पहिल्या दिवशी कुदळ घेऊन गेले, वीतभर खाली मुरूम. त्या कागदावरच्या रेषाही अगदी सरळ होत्या.

निचरा
उठवलेला, प्रतिसाद मनापासून पटला. मी पाण्यापाशीच अडकलो होतो.

बांधकरी
सरळ बांध म्हणजे भांडणं कमी, हे माझं वाक्य मागे घेतो. ज्याची जमीन गेली त्याचं भांडण मोजणीत दिसतच नाही, हे मला सुचलं नव्हतं. सांगाड्याबद्दलही निचरांचं अर्ध्याहून जास्त मान्य.

एक मात्र सोडत नाही. उतार आणि शेजाऱ्याचा बांध याने रेष टिकली असेल, पण ७१० मीटरचं माप उताराने ठरत नाही. चेझेनाजवळची चौकट तर हमरस्त्याशी तिरकी आहे, सरळ उत्तर-दक्षिण लावलेली.

निचरा
सावियो नदी बघा. चेझेनापासून खाली तीही जवळपास उत्तरेलाच जाते. मापाचं मात्र मान्य, ते रोमनच.

पोसायडन
बोईंचं पुढे काय झालं?

उठवलेला
ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की ते डॅन्यूब नदीकडे गेले. आजच्या चेकियातल्या बोहेमिया या नावात ‘बोई’च आहेत. मोडेनात पाच-पाच युगेरा घेतलेल्यांची नावं काय होती, ते कुणाला ठाऊक असेल तर सांगा.