मदत हवी आहे: स्नो प्लाऊ लावला की ट्रकचं नाक बसतं, टॉर्शन बार आवळावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कजवळ राहतो. २०२२ च्या नोव्हेंबरात ईरी सरोवरावरून आलेल्या वादळात इथे ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला, आणि शेजारच्या आजी-आजोबांना तीन दिवस दाराबाहेर पाऊल टाकता आलं नाही. ते मनातून जात नाही. म्हणून यंदा २०१२ ची सिल्व्हराडो २५०० एचडी (शेव्हरोलेचा पिकअप ट्रक) घेतली, तिला पुढे साडेसात फुटी जुना प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलायचं पातं, बसवून घेतला.

प्लाऊ उचलला की ट्रक पुढून सव्वादोन इंच बसतो (चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजलंय). खड्डा आला की चाकाला धरणारा खालचा आर्म रबरी स्टॉपवर आदळतो. बसवणारा म्हणाला, "टॉर्शन बारचे बोल्ट पाच फेरे आवळा, काम झालं." (टॉर्शन बार म्हणजे पुढच्या चाकांना स्प्रिंगसारखा आधार देणारी, पीळ दिलेली दांडी.) मला पटत नाही. एप्रिलमध्ये प्लाऊ उतरवल्यावर ट्रक नाक वर करून फिरणार, चाकांचा कोन बिघडून टायर एका बाजूने झिजणार. मागच्या हौद्यात सध्या वजन काही नाही. कोणी हे केलंय का?

उत्तर, मिनेसोटाहून:
हौदा रिकामा आहे ना, सुरुवात तिथून करा. प्लाऊ पुढच्या ॲक्सलच्याही (चाकांच्या आसाच्याही) पुढे लटकतो, त्यामुळे तरफेसारखा स्वतःच्या वजनाहून जास्त भार तिथे टाकतो आणि मागची चाकं हलकी करतो. वाळूच्या गोण्या मागच्या ॲक्सलच्या मागे, टेलगेटला लागून ठेवा आणि घट्ट बांधा. मग वजनकाट्यावर जा. प्लाऊ उचललेला ठेवून पुढच्या ॲक्सलचं वजन घ्या आणि ड्रायव्हरच्या दाराशी असलेल्या स्टिकरवर पुढच्या ॲक्सलसाठी दिलेल्या कमाल वजनाच्या आकड्याशी ताडून बघा. आकडा ओलांडला तर हलका प्लाऊ घ्यावा लागेल, दुसरा उपाय नाही. बोल्ट आवळल्याने उंची वाढते, वजन पेलायची ताकद नाही.

आकड्यात बसत असाल तर स्टॉपच्या जागी लागणारे रबरी स्प्रिंग बसवा. प्लाऊ उतरवला की त्यांच्यावर भार जवळजवळ येतच नाही, तुमची एप्रिलची चिंता मिटते. तरीही कमी पडलं तरच टॉर्शन बार: चाकं अधांतरी ठेवून, दोन्हीकडे मोजून सारखेच फेरे, एका वेळी एकच. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करायचीच. फार आवळलात तर चाकाला खाली जायला वाव उरत नाही आणि सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे) वाकड्या कोनात फिरून खराब होतात. बोल्ट पूर्ण मात्र कधीही सोडवू नका. त्या दांडीत साठलेला पीळ जिवावर बेतू शकतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार, दादा. ६० पौंडांच्या आठ गोण्या टाकल्या, सव्वादोनाचे दोन इंच झाले. शनिवारी काट्यावर नेतो. टाकी भरलेली असावी का?

उत्तर, मिनेसोटाहून:
भरलेली. आणि बर्फ काढताना शेजारी कोणी बसणार असेल तर त्यालाही सोबत न्या. वजन कळवा, मग रबराचं बघू.