मदत हवी आहे: सहावी ते आठवीच्या मुलांसाठी मासिक

नमस्कार मंडळी,

मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. छोट्यांसाठी गोष्टी-चित्रांची मासिकं मिळतात, मोठ्यांसाठी स्पर्धा परीक्षांची. मधल्या वयाच्या, म्हणजे साधारण ११ ते १४ वर्षांच्या मुलांच्या हातात काय द्यावं, तेच कळत नाही.

परवा सातवीतला एक मुलगा बिघडलेलं कुलूप घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, हे आतून कसं चालतं ते कशात असेल?" विश्वकोश काढून दिला. दोन ओळी वाचून त्याने तो मिटला. त्याला हवी होती उघडलेल्या कुलपाची मोठी आकृती: किल्लीचे दाते आतल्या पिना नेमक्या उंचीवर कशा उचलतात, मग गाभा कसा फिरतो. दर अंकात अशी एकच वस्तू पूर्ण उलगडणारं मासिक मला हवंय. अक्षर ठळक, ओळींमध्ये मोकळी जागा, म्हणजे वाचताना अडखळणारी मुलंही टिकतील. आणि शेवटी बोधाचा डोस नको, मुलं तिथेच अंक खाली ठेवतात.

असं काही कुणाच्या पाहण्यात आहे का? नसेल तर मुलांनाच घेऊन अंक काढायचा विचार आहे. आठ कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की ३२ पानं होतात, तेवढी पुरेत. पण आकृत्या काढायला मुलांना कसं शिकवावं? कुणी केलं असेल तर सुरुवात कुठून केली, ते नक्की सांगा.