मदत हवी आहे : एसडी वर्क्स संघाचे विजय कसे मोजायचे?

सोलापुरात पार्क स्टेडियमजवळ आमच्या सायकल ग्रुपमधल्या मुलींसाठी एक फ्लेक्स करतोय. विषय आहे नेदरलँड्सचा महिला व्यावसायिक सायकलिंग संघ एसडी वर्क्स. २०२३चा रकाना झटक्यात भरला: संघाच्या डेमी वोलरिंगने आम्स्टेल, फ्लेश आणि लीएज या तिन्ही एकदिवसीय शर्यती मारल्या, वर महिलांची टूर द फ्रान्सही, आणि तिथे दुसरी आली तिचीच संघसहकारी लोटे कोपेकी. असं वर्ष कुणाला मिळतं हो!

गाडी अडलीये ती दोन ठिकाणी. हा संघ २०२० पर्यंत जुन्या प्रायोजकांच्या, म्हणजे बोल्स-डोल्मन्स, नावाने धावायचा. शिवाय जागतिक अजिंक्यपद शर्यतीत खेळाडू देशाची जर्सी घालतात. कोपेकी २०२३ला जिंकली ती बेल्जियमकडून, याच संघाची ॲना व्हान डर ब्रेगन २०२०ला नेदरलँड्सकडून. नेटवरच्या याद्या ताडून पाहिल्या; काहींत ही पदकं संघाच्या खात्यात आहेत, काहींत नाहीत. बेरीज जुळतच नाही.

फ्लेक्सवर जागा कमी, तळटीप बसणार नाही. छपाईवाल्याला शनिवारी फाईल द्यायचीये. डच येत नाही, इंग्रजी चालेल. प्रायोजक बदलला तरी जुने विजय याच संघाचे धरायचे ना? आणि जागतिक पदकं बेरजेत घ्यायची की वेगळ्या रकान्यात?