१ ऑगस्टपासून हॉकी परत : हवीही आहे आणि नकोशीही वाटतेय

निळंपान (टोरांटो), ११ जुलै २०२०

काल खेळाडूंच्या संघटनेने करार मंजूर केला, म्हणजे आता नक्की झालं. १२ मार्चला थांबलेली एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेची आइस हॉकी लीग, १ ऑगस्टपासून पुन्हा सुरू होतेय. २४ संघ आणि दोन शहरं. पूर्वेचे संघ इथे टोरांटोत खेळणार, पश्चिमेचे एडमंटनला. प्रेक्षक नाहीत. प्रत्येक संघाची जास्तीत जास्त ५२ माणसं हॉटेल आणि रिंक (बर्फाचं मैदान) एवढ्याच बंदिस्त जगात, म्हणजे 'बबल'मध्ये राहणार, रोज चाचणी होणार.

चार महिने मी याच बातमीची वाट बघत होते. या देशात नवीन असताना शनिवारी रात्री पंजाबी समालोचन लावून मी ऑफसाइड आणि आयसिंगसारखे नियम शिकले. समालोचक हरनारायण सिंग यांचं निम्मं बोलणं कळायचं, निम्मं पडद्यावर बघून लावून घ्यायचं. हॉकी कळायला लागली तसं ऑफिसात जेवताना मला लोकांशी बोलायला विषय मिळाला.

तरीही काल मन खट्टू झालं. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी पुनरागमनाची योजना जाहीर केली ती २६ मेला. त्याच दिवशी ऑन्टारियो सरकारने लष्कराचा अहवाल बाहेर काढला. वृद्धांच्या पाच केअर होम्समध्ये मदतीला गेलेल्या सैनिकांनी जे पाहिलं ते त्यात होतं : झुरळं, न बदललेले डायपर, मदतीसाठी हाका मारत पडलेली म्हातारी माणसं. एकाच संध्याकाळच्या बातम्यांत कोणता संघ कुणाशी खेळणार याचा तक्ता होता आणि हेही होतं.

माणसाला इतकं जपता येतं, हे लीगने कागदावर तरी दाखवून दिलं आहे. मग आधी कुणाला जपायचं, हा प्रश्न आपण चाहत्यांनीच विचारायला हवा. मी सामने बघणार आहे, पण त्या आनंदात हा प्रश्न गिळून टाकायची माझी तयारी नाही. तुम्हाला काय वाटतं?

एडमंटनकर, ११ जुलै

ताई, तुमची कळकळ पोचली. पण ज्यांचा एकमेकींशी संबंध नाही अशा दोन गोष्टींची तुम्ही गाठ मारताय. केअर होम्सची दशा ही कित्येक वर्षांच्या दुर्लक्षाची फळं आहेत. चाचण्यांचा खर्च लीग स्वतः करतेय. उद्या हॉकी रद्द झाली म्हणून एकाही आजींना एक नर्स जास्त मिळणार नाही.

आता आमच्या गावाचं ऐका. एप्रिलमध्ये तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. अल्बर्टात याचा अर्थ काय होतो हे इथे राहणाऱ्याला विचारा. डाउनटाउनची हॉटेलं ओस पडली आहेत. दोन महिने बारा संघ राहायला आले तर खोल्या आवरणाऱ्यांना, स्वयंपाकघरातल्यांना काम मिळेल. त्याच एप्रिलमध्ये आमच्या संघाचा, ऑइलर्सचा, कोल्बी केव्ह गेला. पंचविशीतला पोरगा, मेंदूत रक्तस्राव झाला. कोरोनामुळे आम्हाला जमून रडताही आलं नाही. ऑइलर्स पुन्हा बर्फावर उतरणार म्हटल्यावर मला भरून येतंय, आणि त्याची लाज का वाटावी हे मला कळत नाही.

रात्रपाळी (स्कारबरो), १२ जुलै

मी केअर होममध्ये काम करते. कुठल्या ते सांगत नाही. मार्च-एप्रिलमध्ये एक मास्क अख्ख्या पाळीला पुरवलाय. चाचणी मागितली की पहिला प्रश्न, 'लक्षणं आहेत का?' नसली तर परत कामाला.

एडमंटनकर, खर्च लीगचा असेल. पण चाचणीची यंत्रं, त्यात लागणारी रसायनं आणि लॅबमधली माणसं तेवढीच आहेत ना? ती पैसे दिले म्हणून रातोरात दुप्पट होत नाहीत. लीगचा नमुना रोज तपासला जाणार म्हणजे लॅबमधले कुणाचे तरी तास त्यात जाणार.

आणि सीमेचं काय? २१ मार्चपासून अमेरिकेची सीमा बंद आहे. माझी सख्खी बहीण न्यू जर्सीत. तिचे सासरे गेले तेव्हा मी फोन कानाला लावून बसले होते. खेळाडूंसाठी मात्र विलगीकरणाच्या नियमातून वाट काढून दिली. व्हँकुव्हरही शर्यतीत होतं. पण संघात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर काय करायचं, या प्रश्नावर तिथल्या प्रांताच्या आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री यांचं आरोग्य खातं हटलं नाही, आणि बोलणी तिथेच थांबली. मला तो निर्णय पटला. मी एकही सामना बघणार नाही.

सांगवीकर (पुणे), १२ जुलै

आइस हॉकीतलं फारसं कळत नाही, पण प्रश्न आपलाही आहे म्हणून लिहितो. उद्यापासून पुण्यात पुन्हा दहा दिवस टाळेबंदी. गेले पाच दिवस साउदॅम्प्टनची कसोटी बघतोय, स्टेडियम रिकामं, वेस्ट इंडीजचे खेळाडू आपापल्या बेटांवरून येऊन विलगीकरणात राहिलेले. पहिल्या दिवशी पाऊस होता आणि मायकेल होल्डिंग वर्णद्वेषावर बोलले. ते ऐकताना वाटलं, खेळ बंद असते तर हे बोलणं एवढ्या लोकांच्या घरात कधी पोचलं असतं? घरात वडिलांना दिवसभर आकडेच ऐकू येत होते. आता निदान धावांचे आकडे ऐकू येतात. माझं मत : खेळू द्या.

गोलपोस्ट (सेंट पॉल, मिनेसोटा), १२ जुलै

माझा आक्षेप वेगळा आहे. आरोग्याचं क्षणभर बाजूला ठेवू. या स्पर्धेला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं खरं विजेतेपद, म्हणायचं का?

मॉन्ट्रियालचे ७१ सामन्यांत ७१ गुण, ३१ विजय आणि त्यापेक्षा जास्त पराभव. एरवी हा संघ एप्रिलमध्ये सुट्टीवर गेला असता. आता त्यांना पिट्सबर्गविरुद्ध पाच सामन्यांची मालिका मिळतेय. त्यांचा गोली (गोलरक्षक) कॅरी प्राइस फॉर्मात आला तर पिट्सबर्गने सहा महिने राबून कमावलेलं आठवड्यात जाईल. साखळीचे १८९ सामने झालेच नाहीत. चार महिने कुणी बर्फावर नीट उतरलेलं नाही. आमचा मिनेसोटाचा संघ वाइल्डही या २४ मध्ये आहे, तरी म्हणतो : हा कप मनातून मानता येणार नाही.

जुनं कात्रण, १३ जुलै

गोलपोस्ट, १९९५ आणि २०१३ मध्ये मालक-खेळाडूंच्या भांडणापायी साखळी ४८ सामन्यांची झाली होती. न्यू जर्सी आणि शिकागोचे ते कप आज कुणी नाकारत नाही. पात्रता फेरी सोडली तर या वेळीही सात सामन्यांच्या चार मालिका आहेत, प्रत्येकीत चार, म्हणजे सोळा विजय. ते कुणाला फुकट मिळत नाहीत.

मला जास्त आठवतं ते १९१९. स्पॅनिश फ्लूची साथ, अंतिम मालिका सिएटलमध्ये, मॉन्ट्रियाल कॅनेडियन्स विरुद्ध सिएटल मेट्रोपॉलिटन्स. पाच सामने झाले, दोन-दोन विजय आणि एक बरोबरी. निर्णायक सामना १ एप्रिलला होता. मॉन्ट्रियालचे खेळाडू तापाने फणफणलेले, संघ उभा करायलाच माणसं नाहीत. मॉन्ट्रियालने कप सोडून द्यायची तयारी दाखवली, सिएटलने तसा घ्यायला नकार दिला. जो हॉल ५ एप्रिलला तिथल्याच रुग्णालयात न्यूमोनियाने गेला. मालिका पूर्ण झाली नाही, असं कपवर आजही कोरलेलं आहे.

दोन्ही बाजू हे उदाहरण वापरतात, पण मला त्यात एकच गोष्ट दिसते. त्या मंडळींना कोण आजारी आहे हे आजारी माणूस कोसळल्यावर कळत होतं. आज रोजच्या चाचणीने ते आधी कळतं. तेव्हा खेळणं चूक होतं म्हणून आता चूक ठरत नाही. मात्र चाचण्या ढिल्या पडल्या, कुणी लपवाछपवी केली, तर त्याच क्षणी बंद करायला हवं.

निळंपान, १३ जुलै

कात्रणकाका, लपवाछपवीचंच मला भय आहे. आता कुणी बाहेर बसलं की संघ फक्त 'खेळायला अनफिट' एवढंच सांगणार. गुडघा की ताप, कळणार नाही. आजाराची माहिती खासगी असते हे मान्य. पण ज्या शहरात ही माणसं आली आहेत त्या शहराला किती जण बाधित आहेत हे तरी कळायला हवं.

आणि ट्रॅव्हिस हॅमोनिकबद्दल कुणी बोललं नाही. कॅलगरीच्या या बचावपटूने शुक्रवारीच सांगितलं, मी येत नाही. त्याची छोटी मुलगी गेल्या वर्षी श्वसनाच्या विषाणूने रुग्णालयात होती. न खेळण्याचं कळवायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपतेय.

एडमंटनकर, १३ जुलै

हॅमोनिकबद्दल आदरच आहे, आम्ही कॅलगरीवाल्यांचं एरवी कौतुक करत नाही तरी. आमच्या माइक ग्रीननेही तेच केलं. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. दंड न भरता नाही म्हणता येतं. बाकीचे शेकडो जण स्वतःहून येताहेत, मतदान करून येताहेत.

रात्रपाळी, १३ जुलै

दंड न भरता नाही म्हणता येतं. एडमंटनकर, हे वाक्य आमच्या मजल्यावर येऊन म्हणून बघा. माझ्याबरोबरच्या बायकांनाही घरी लहान मुलं आहेत. 'येत नाही' म्हटलं की पगार बंद. तुमच्याच अल्बर्टात हाय रिव्हरच्या मांस कारखान्यात ९०० हून जास्त कामगारांना लागण झाली. त्यांना कुणी पाच वाजेपर्यंतची मुदत दिली होती?

एडमंटनकर, १३ जुलै

नव्हती दिली, आणि ते भयंकर होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यांचा हक्क त्यांना मिळायला हवा असं म्हणा ना. खेळाडूंना मिळालेला हक्क त्यांच्याविरुद्ध कशाला वापरायचा?

गोलपोस्ट, २ ऑगस्ट

काल एडमंटनला पहिल्या सामन्याआधी आमच्या संघाचा मॅट डुम्बा मध्यभागी उभा राहून वर्णद्वेषावर बोलला. आवाज थरथरत होता. अमेरिकेच्या राष्ट्रगीताला तो एकटा गुडघ्यावर बसला. जॉर्ज फ्लॉइड जिथे मारला गेला तिथून माझं घर फार लांब नाही. सांगवीकरांनी होल्डिंगबद्दल लिहिलेलं पुन्हा वाचलं. कपाविषयीचं मत तेच आहे, पण कालचा दिवस व्हायला हवा होता.

निळंपान, १० ऑगस्ट

एडमंटन शुक्रवारी शिकागोकडून गेलं, आम्ही, म्हणजे टोरांटोचे लीफ्स, काल कोलंबसकडून. पाचवा सामना, ०-३. शुक्रवारी शेवटच्या चार मिनिटांत तीन गोल फेडून ओव्हरटाइममध्ये जिंकलेला हाच संघ काल एक गोल करू शकला नाही. आता दोन्ही यजमान शहरांत इतरांचे संघ खेळणार आणि आपल्याला आपल्याच रिंकच्या आसपास फिरकायची सोय नाही.

रिकाम्या खुर्च्यांवर कापड अंथरलंय, गर्दीचा आवाज व्हिडिओ गेममधला लावलाय. पहिले दोन दिवस तो आवाज सहन होईना. मग स्केट्सची करकर, खेळाडूंच्या हाका, पक (रबरी चकती) फळीवर आदळल्याचा आवाज इतका स्वच्छ यायला लागला की मी खुर्ची पुढे ओढून बसू लागले. हा खेळ एवढा बोलका आहे हे मला माहीतच नव्हतं. शुक्रवारी मी ओरडून शेजाऱ्यांना उठवलं. हे सगळं मनापासून अनुभवलं, रात्रपाळीताई, तुमचं लिहिलेलं आठवत असतानाही.

रात्रपाळी, १६ ऑगस्ट

बॉस्टनचा गोली टुक्का रास्क काल बबल सोडून घरच्यांकडे गेला. लोक त्याला पळपुटा म्हणताहेत. मी सामने बघत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. घरून बोलावणं आल्यावर जाता येणं ही या व्यवस्थेतली मला सगळ्यात चांगली वाटलेली गोष्ट आहे. चाहत्यांनी तरी तिच्यावर थुंकू नये.

एडमंटनकर, १६ ऑगस्ट

पूर्ण सहमत. ज्यांना राग आलाय त्यांनी स्वतः महिनाभर घरापासून लांब राहून बघावं.

गोलपोस्ट, २७ ऑगस्ट

पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसाला पाठीत गोळ्या घातल्या म्हणून काल मिलवॉकीच्या बास्केटबॉल संघाने खेळायला नकार दिला आणि त्यांची अख्खी लीग थांबली. हॉकी चालू राहिली. आज खेळाडूंनीच पुढाकार घेऊन दोन दिवसांचे सामने पुढे ढकलले. एक दिवस उशिरा. डुम्बाच्या भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्या लीगला पहिल्याच संध्याकाळी हे सुचायला हवं होतं.

एडमंटनकर, २९ सप्टेंबर

काल टॅम्पा बेने डॅलसला सहाव्या सामन्यात हरवून कप उचलला. रात्रपाळीताई, हा आकडा तुमच्यासाठी : ३३,१७४ चाचण्या, बबलमध्ये एकही पॉझिटिव्ह नाही. आमच्या शहराने हे करून दाखवलं. कर्करोगाचे उपचार संपवून ऑस्कर लिंडब्लॉम टोरांटोच्या बबलमध्ये फिलाडेल्फियासाठी खेळला. गोलपोस्ट, तुम्हीही हा कप मानायला हरकत नाही.

गोलपोस्ट, २९ सप्टेंबर

पाच ओव्हरटाइमचा तो टॅम्पा-कोलंबस सामना शेवटपर्यंत बघितला. त्यानंतर मुकाट मानला.

रात्रपाळी, २९ सप्टेंबर

आकडा वाचला, खोटा म्हणणार नाही. कालच ऑन्टारियोत ७०० नवे रुग्ण निघाले, एका दिवसात आतापर्यंतचे सगळ्यात जास्त. शाळा सुरू झाल्यापासून आईबाप लेकरांना घेऊन चाचणीच्या रांगेत तासन्‌तास उभे आहेत. आमची चाचणी दोन आठवड्यांतून एकदा. तेहतीस हजार चाचण्यांत शून्य होऊ शकतं, तर केअर होमच्या कर्मचाऱ्यांची रोज नको, आठवड्यातून दोनदा तरी करा, अशी मागणी आम्ही काही जणी आमच्या एमपीपीकडे (प्रांताच्या आमदाराकडे) पाठवतोय. लीगला जे दिलं ते आम्हाला का नाही, असं त्यात लिहिलंय. ज्यांनी सामने आवडीने बघितले त्यांच्या सह्या मला जास्त हव्या आहेत.

निळंपान, २९ सप्टेंबर

माझी सही घ्या. बिल्डिंगमधल्या लीफ्सवाल्यांच्याही मिळवते.

एडमंटनकर, ३० सप्टेंबर

मागणी रास्त आहे. इथल्या आमदारांना पाठवायला मीही मसुदा घेतो, सह्या गोळा करतो. फक्त 'लीगला दिलं' हे वाक्य काढा. लीगला कुणी दिलं नाही, तिने पैसे मोजले.

रात्रपाळी, ३० सप्टेंबर

मसुदा पाठवते. ते वाक्य राहील.