टाय रॉड घरी बदलला, मग अलाइनमेंट कशाला?

घाटवाट
जुन्या हॅचबॅकचे दोन्ही टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांचे टोकाचे सांधे) घरीच बदलले. काढताना फेरे मोजले, नवे तेवढेच फिरवून बसवले. अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवण्याची, भानगडच नको. स्टिअरिंग जरा डावीकडे वाकडं दिसतं, वळणानंतर पूर्वीसारखं आपोआप सरळ येत नाही, पण होईल सवय. मेकॅनिकच्या नादी लागू नका.

पाना_पक्कड
'होईल सवय' वाचून राहवलं नाही. काम घरी केलंत, त्याला माझा विरोध नाही. गाडीखाली स्टँड लावले, सांधा सोडवायला पुलर वापरला, तर हे जमण्यासारखंच आहे. पण फेरे मोजले म्हणजे टो (वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) जुळला, हे डोक्यातून काढा. नवा एंड जुन्याच्याच लांबीचा असेल याची खात्री नाही, आणि चेकनट (एंड जागेवर घट्ट धरणारा नट) आवळताना रॉड थोडा फिरतोच.

हिशेब करून बघा. आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी आणि चाक वळवणारा स्टिअरिंग आर्म १२ सेंमी धरला, तर एका फेऱ्याने चाक ०.७ अंशाने वळतं. १४ इंची रिमवर तो फरक ४ मिमीच्या वर जातो. छोट्या गाड्यांना एवढी सूट नसते.

स्टिअरिंग परत न येणं हा वेगळा आजार आहे. चेकनट आवळताना एंड तिरका राहिला की आतला बॉल एका बाजूला टेकतो आणि जड चालतो. ते आधी बघा. तिथे ठीक असेल तर स्ट्रटचं (चाकावरच्या शॉकअब्सॉर्बरच्या खांबाचं) वरचं बेअरिंग तपासा. आणि नट सुटू न देणाऱ्या कॉटर पिनचं भोक जुळेना म्हणून कॅसल नट (खाचांचा नट) मागे सैल केला असेल, तर गाडी आजच उभी करा. नट नेहमी पुढेच आवळून भोक जुळवायचं.

घाटवाट
नट पुढेच आवळलाय, पिनाही नव्या आहेत. मला शाळेत बसवू नका. ८० च्या वेगाला गाडी सरळ जाते, अजून काय हवं?

लाल_माती
टायर टिकायला हवेत ना? आमचीही सरळच जायची. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत टाय रॉड गेला, भावाने अंगणात बदलला, अलाइनमेंट राहून गेली. बाहेरून टायर छान दिसत होते. एकदा हवा भरताना आतल्या बाजूला तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखं. दोन्ही टायर भंगारात. अलाइनमेंटचे पैसे त्यापुढे किरकोळ होते.

देशावरचा
पण अलाइनमेंट करायची कुणाकडे, ते सांगा! आमच्या इथल्या एकाने स्क्रीनवर लाल आकडा दाखवला, 'कॅम्बर आउट आहे', म्हणजे चाकाचा उभा कल चुकलाय, म्हणाला आणि हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवला. त्या गाडीला कंपनीने कॅम्बरची अ‍ॅडजस्टमेंटच दिलेली नाही! वाकलेल्या स्ट्रटमधून पुढे तेल गळायला लागलं. असल्या लोकांच्या हातात गाडी देण्यापेक्षा वाकडं स्टिअरिंग परवडलं.

घाटवाट
बघा! मी काय वेगळं म्हणत होतो?

लाल_माती
तुम्ही 'गरजच नाही' म्हणत होतात. हे म्हणतायत माणूस वाईट भेटला.

देशावरचा
अजून ऐका. तोच माणूस दुसऱ्या एका गाडीचं वाकडं स्टिअरिंग सरळ करायला स्टिअरिंगचं चाकच उपटून एक दात फिरवून बसवत होता. समोर एअरबॅग, खाली इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा अँगल सेन्सर, कशाची पर्वा नाही. आणि वर टायरमध्ये भरलेल्या नायट्रोजनचे पैसे वेगळे!

पाना_पक्कड
देशावरचा, तुमचा राग रास्त आहे. चाक उपटणाऱ्याच्या दारात गाडी नेऊच नये. स्टिअरिंग क्लॅम्पने सरळ धरायचं आणि दोन्ही बाजूंचे रॉड फिरवून टो आणायचा, हीच पद्धत. टो बरोबर असून स्टिअरिंग वाकडं असेल, तर एक रॉड जितका लांब करायचा तितकाच दुसरा आखूड. पण चोर दुकानदार आहे म्हणून माप घ्यायचंच नाही, हे मला पटत नाही. दुकानावर विश्वास नसेल तर दोन्ही बाजूंना गाडीला समांतर दोरी ताणा आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून अंतर मोजा. वेळ जाईल, पण निदान आकडा तरी हातात येईल. खंबाटकीच्या उतारावर तुमच्या मागे आमच्याही गाड्या असतात.

घाटवाट
दोरीचं मान्य. तेवढं घरी होईल. दोरीने जुळलं नाही तर दुकानात नेईन, तेही टोपुरतंच. कॅम्बरला हात लावायचा नाही, आणि रॉड फिरवताना मी पिटजवळ उभा राहणार. तुमचं सगळंच बरोबर होतं, असा याचा अर्थ काढू नका.

देशावरचा
मापांचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागून घ्या. द्यायला कुरकुर करतात.