रुग्णालयाच्या कुंपणापलीकडची कोरी जमीन: रोजगार आणायचा, पण कुठला आणि कशाच्या आधी?

नकाशेवाला

रुग्णालयाला लागून मोकळी जमीन आहे, तिच्यावर आजवर एकही वीट लागलेली नाही. विकास आराखड्यात तिला रोजगाराचा रंग दिलाय, आता तिच्यासाठी मार्गदर्शिका लिहायची. आमच्या धंद्यात हे काम वरचेवर येतं. मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे. आराखडा फक्त जमिनीचा वापर ठरवतो. त्या वापरात नेमकं काय, कुठे, किती उंच आणि कशाच्या आधी, हे मार्गदर्शिका सांगते. परवानगीचा अर्ज वाचणारा अधिकारी ती शेजारी ठेवून वाचतो, आणि जमीन घेणारा बोली लावण्याआधी ती चाळतो. म्हणजे कायदा नसली तरी वजन आहे.

असे मसुदे मी बरेच वाचले. बहुतेकांचं पहिलं पान रोजगाराच्या आकड्याने सुरू होतं. रुग्णालय पार मागे, 'लगतचे संवेदनशील वापर' या मथळ्याखाली, ओढा आणि वटवाघळांच्या पंगतीला बसलेलं सापडतं.

माझं मत: क्रम उलटा करा. आधी रुग्णालयाच्या रेषा काढा. पुढच्या तीस वर्षांत ते कोणत्या बाजूला वाढणार, रुग्णवाहिका कुठून येणार, हेलिकॉप्टर कुठून उतरणार, खाटांच्या खिडक्या कुठे उघडतात. या रेषा काढून जे उरेल ती रोजगाराची जमीन. आणि वापरांची यादी आखूड ठेवा: प्रयोगशाळा, वैद्यकीय उपकरणं, प्रशिक्षण, कार्यालयं. गोदामं नकोत. गोदाम जागा एकराने खातं, माणसं मोजकी लावतं आणि ट्रक रात्री आणतं.

उलट मत असणाऱ्यांनी जरूर लिहावं, म्हणूनच धागा काढलाय.

रोखठोक

असहमत, आणि जोरात असहमत.

तुमच्या रेषा काढून झाल्यावर उरेल काय, तर कोपऱ्यातला त्रिकोण. तीस वर्षांनी रुग्णालय कुठे वाढेल हे खुद्द रुग्णालयाला ठाऊक नसतं. विचारलं तर ते म्हणणार, सगळी बाजू राखून ठेवा. का नाही म्हणणार? राखून ठेवायला त्यांच्या खिशातून काय जातं? आणि निधी नसलेल्या राखीव जमिनीचं काय होतं हे सगळ्यांनी पाहिलंय: कुंपण, फलक, गवत. फलकही दोन पावसाळ्यांत वाचता येत नाही.

दुसरं, वापराच्या नावाने बंदी घालणं ही जुनी खोड आहे. इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे जमीन आणि इमारतींच्या वापरांच्या १९८७च्या वर्गवारीत 'बी१' नावाचा वर्ग होता: कार्यालय, संशोधन, वस्तीत चालेल असा हलका उद्योग. रुग्णालयाशेजारी काय यावं हे सांगायला अगदी सोयीचा. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने तो वर्गच मोडला आणि दुकानं, उपाहारगृहं, दवाखाने, व्यायामशाळा यांच्यासोबत 'ई' नावाच्या एका मोठ्या वर्गात टाकला. एकाच वर्गात वापर बदलला तर सहसा नवी परवानगी लागत नाही. ज्या जुन्या मार्गदर्शिका 'फक्त बी१' म्हणून थांबल्या होत्या त्यांचा आधारच सरकला. नावं बदलतात. त्यापेक्षा परिणाम बांधा: कुंपणाशी आवाज किती, रात्री जड वाहनं किती, उंची किती. मग आत प्रयोगशाळा आहे की बिस्किटांचा कारखाना, तुम्हाला काय करायचंय?

रात्रपाळी

मी नियोजनातली नाही, वॉर्डातली आहे. रोखठोक, तुमचं 'परिणाम बांधा' कागदावर छान दिसतं. पहाटे तीनला तो आवाज मोजायला कोण येणार, ते सांगा.

मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते (नाव सोडा) तिथे मागच्या रस्त्याला लागून माल उतरवायची जागा झाली. परवानगीत सगळं नियमात होतं म्हणे. सरासरी आवाज मर्यादेतच असेल, पण रुग्ण सरासरीने जागा होत नाही. मागे घेताना ट्रक जे पीं-पीं करतो त्याने होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबल आणि एखाद्या क्षणाचा आवाज ४०च्या वर नको असं म्हटलंय. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, आणि अटी लिहिताना नेमका तोच गळतो.

एकदा तर एक ट्रक वळणावर अडकला आणि रुग्णवाहिका त्याच्यामागे उभी. किती मिनिटं ते सांगत नाही, कारण तेव्हा घड्याळ बघायचं सुचलंच नाही.

रोखठोक

ताई, ट्रकचं मान्य. पण आवाजाबद्दल खरं बोलूया. ३० डेसिबल हा आकडा बहुतेक रुग्णालयं आतल्या आतच पाळत नाहीत. मॉनिटरचे गजर, ट्रॉल्या, फोन, बदली पाळीच्या गप्पा. उद्या शेजारी नुसतं गवत ठेवलं तरी वॉर्ड ३०वर येणार नाही. मग तो आकडा शेजाऱ्याच्या डोक्यावर कशाला मारायचा?

रात्रपाळी

गप्पांचं खरं आहे, आम्हीही बोलतो. पण आतला आवाज कमी करणं आमच्या हातात असतं, थोडं तरी. कुंपणापलीकडचा नसतो. आणि घरात आधीच धूर आहे म्हणून शेजाऱ्याने चूल आपल्या खिडकीखाली मांडावी, हा कुठला न्याय?

कंपनमापक

वैद्यकीय यंत्रांच्या देखभालीत आहे, म्हणून दोन गोष्टी टाकतो. अशा मसुद्यांत त्या क्वचित दिसतात.

एमआरआयला कंपन सोसत नाही. जवळून सरकणारं मोठं लोखंडही सोसत नाही. बस, ट्रक, लिफ्ट यांनी चुंबकीय क्षेत्र हलतं आणि चित्र बिघडतं. म्हणून यंत्र बसवताना आजूबाजूचे रस्ते आणि वाहनतळ किती अंतरावर आहेत हे बघतात. आता यंत्र बसल्यावर पाच वर्षांनी कुणी पलीकडून नवा रस्ता काढला तर? यंत्र हलवायचं की रस्ता? म्हणजे नकाशेवाल्यांच्या रेषांत ही एक रेषा वाढली. रोखठोकांच्या बाजूनेही सांगतो: हे अंतर मीटरमध्ये मोजलेलं असतं. मागितलं तर मिळतं. 'सगळी बाजू राखून ठेवा' म्हणायची गरज पडत नाही.

दुसरं, बांधकामाची धूळ. माती उकरली की अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू हवेत जातात. तुमच्या-माझ्या फुप्फुसांना सहसा काही होत नाही, पण अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या किंवा केमोथेरपीवर असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. तेव्हा रुग्णालयाच्या हवेची तोंडं कुठल्या भिंतीत आहेत हे खोदकामाच्या आराखड्यात दिसलं पाहिजे.

आणि हो, शीतकरण मनोरे, म्हणजे वातानुकूलनातली उष्णता पाण्याने बाहेर टाकणारी, बहुधा छपरावरची यंत्रं. इंग्लंडमध्ये बॅरो-इन-फर्नेस इथे २००२ साली एका कलाकेंद्राच्या वातानुकूलन यंत्रणेतून लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जीवाणू पसरला आणि सात माणसं गेली. तिथे शेजारी रुग्णालय नव्हतं, रस्त्याने चालणारी सामान्य माणसं होती. म्हणून रोखठोक, आत बिस्किटांचा कारखाना आहे की आणखी काही, याने फरक पडतो. त्याच्या छपरावर काय आहे याने तर फारच पडतो.

शंकासुर

माझा प्रश्न वेगळाच. कोरीच जमीन का? गावात बंद पडलेल्या गिरण्या, रिकामी कार्यालयं असताना शेताडी का उकरायची?

आणि रुग्णालयाच्या खिडकीतून दिसणारं ते शेताड फुकटचं औषध आहे. रॉजर उलरिक यांचा १९८४चा अभ्यास अनेकांना माहीत असेल. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकंही झाडंवाल्यांना कमी लागली. आता या मार्गदर्शिकेत प्रयोगशाळेची सुंदर काचेची भिंत येणार. काच असली तरी भिंतच.

रोखठोक

४६ रुग्णांच्या अभ्यासावर किती वर्षं इमारती बांधणार? (अभ्यास चांगलाय, वाद नाही. त्याच्यावर लादलेलं ओझं जास्त आहे.) आणि त्यात झाडं म्हटलंय, शेत नव्हे. खिडकीसमोर झाडांचा पट्टा ठेवा, मागे इमारत येऊ द्या. रुग्णाला पट्टा दिसेल, तरुणाला नोकरी मिळेल.

जुन्या गिरणीचं म्हणाल तर ती गावात दुसऱ्या टोकाला आहे. संशोधकाला रुग्णालयापर्यंत चालत जाता आलं पाहिजे, नमुना दहा मिनिटांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. शेजार हाच तर मुद्दा आहे. केंब्रिजमध्ये अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालय १९६०च्या दशकात शहरातून बाहेरच्या मोकळ्या जागेवर आलं. त्याच आवारात १९६२ला रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे शेजारच्या शेतांवर संशोधनाच्या इमारती आल्या, औषध कंपनी आली, २०१९मध्ये पॅपवर्थ हे हृदय-फुप्फुसांचं रुग्णालयही तिथे हललं. शेत राखलं असतं तर यातलं बरंचसं झालं नसतं.

नकाशेवाला

केंब्रिजचं उदाहरण काढलंत ते बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. तिथे आधी काय झालं पाहा. शहरातून न जाता रुग्णालयापर्यंत येणारा नवा रस्ता २०१०ला खुला झाला. २०११ला मार्गदर्शित बसमार्ग (फक्त बसचा वेगळा मार्ग) आला. त्या मोठ्या औषध कंपनीने येण्याची घोषणा केली २०१३ला. रस्ता आधी, बस आधी, मग इमारत. रेल्वे स्थानक मात्र मागे राहिलं, त्याचं बांधकाम सुरू व्हायला २०२३ उजाडलं. मधल्या दहा वर्षांत हजारो नोकरदारांना आणि रुग्णांना रेल्वेने थेट तिथे येता येत नव्हतं.

कंपनमापक, तुमचा प्रतिसाद मी जसाच्या तसा उचलणार आहे. आणि रोखठोक, वर्गांच्या नावाचा मुद्दा मला पटला. यादी लिहायची तर कारणासकट लिहायला हवी: 'गोदाम नको' इतकंच नाही, तर 'रात्री जड वाहनं नकोत, म्हणून गोदाम नको'. पुढे नावं बदलली तरी कारण टिकेल. आणि वर्ग पुढे रुंदावला तरी वापर बांधलेला राहावा असं वाटत असेल, तर ते परवानगीच्या अटीतच घालावं लागेल. मार्गदर्शिकेत लिहून भागणार नाही.

पण 'आधी रुग्णालय' या मुद्द्यावर मी हटत नाही. 'जो बदल घडवतो त्याने झळ सोसावी' हे तत्त्व इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८पासून आहे. त्याची चर्चा गाजली ती संगीताच्या जुन्या जागांवरून: शेजारी नवी घरं आली आणि मग तेच लोक आवाजाची तक्रार करू लागले. इथे रुग्णालय आधी आहे. त्याचं हेलिकॉप्टर आधी आहे.

हेलिकॉप्टरवरून सांगतो. मार्च २०२२मध्ये प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयात बचावाचं मोठं हेलिकॉप्टर उतरताना त्याच्या वाऱ्याच्या झोताने शेजारच्या वाहनतळातली एक वृद्ध स्त्री पडली आणि दगावली. हेलिपॅड रुग्णालयाचं, वाहनतळही रुग्णालयाचंच. उंचीची रेषा सगळेच काढतात. पण झोत जमिनीवर कुठपर्यंत पोचतो आणि तिथे कोण चालतंय, हे कोण काढतं? उद्या त्याच पट्ट्यात बसथांबा, सायकलवाट आणि डबा खायचे बाक येणार. चित्रात ते फार गोड दिसतात.

ओढ्याकाठी

सगळे आवाजावर भांडताय, पाणी विसरलात. कोरी जमीन पावसाचं पाणी पिते. तिच्यावर छप्पर आणि डांबर आलं की ते पाणी उताराने निघतं. रुग्णालय खालच्या अंगाला असेल तर संपलंच. रुग्णालयांच्या तळघरांत वीज, जनित्रं, स्वयंपाकघर असं काय काय असतं. ह्यूस्टनचं वैद्यकीय केंद्र २००१च्या जूनमध्ये अ‍ॅलिसन वादळात बुडालं तेव्हा तळघरं भरली, वीज गेली आणि रुग्ण बाहेर काढावे लागले. तिथलं कारण एका शेजाऱ्याचं छप्पर नव्हतं, अख्खं शहर होतं. पण पाणी तळघरात शिरल्यावर काय होतं ते तिथे दिसलं.

म्हणून बांधकामानंतरही जमिनीवरून बाहेर जाणारं पाणी कोऱ्या जमिनीइतकंच असलं पाहिजे, ही अट नुसती असून चालत नाही. साठवण तळं पहिल्या इमारतीच्या आधी हवं. तळं शेवटच्या टप्प्यात ठेवलेले मसुदे मी पाहिलेत. शेवटचा टप्पा कधी येतो ते सांगू का?

रोखठोक

नका सांगू, माहीत आहे :)

ठीक. तळं आणि रस्ता आधी, मान्य. पण मग पैशाचं बोला. पहिली इमारत उभी राहण्याआधी रस्ता आणि तळं कोण बांधणार? पहिल्या येणाऱ्याच्या गळ्यात सगळं घातलंत तर पहिला येणारच नाही. दुसऱ्याची वाट बघत सगळे उभे राहतील. केंब्रिजचा तो रस्ता सार्वजनिक संस्थेने आधी बांधला, नंतर विकासकांकडून वसुली. तशी ऐपत प्रत्येक नगरपालिकेची नसते. मार्गदर्शिकेत हिशोब नसेल तर 'आधी' या शब्दाला अर्थ नाही.

नकाशेवाला

रास्त. वाटा क्षेत्रफळाप्रमाणे आणि आधीच जाहीर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्याला फुकट स्वार होता येणार नाही. तरी पहिल्या पैशाचा प्रश्न उरतोच, त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. रस्ता निम्म्या रुंदीचा करून सुरुवात करता येते, पण रुग्णवाहिकेची वाट त्यात अर्धी करता येत नाही. तेवढा भाग पूर्ण हवा, भले इमारत सहा महिने उशिरा आली तरी.

शंकासुर

म्हणजे जमीन उकरायची हे ठरलंच. माझा प्रश्न तसाच राहिला, हे नोंदवून ठेवतो.

रात्रपाळी

टप्पे लिहिताय तर एक ओळ माझी घाला. रस्ता, तळं, इमारत यांच्याही आधी: बांधकामावर येणाऱ्या माणसांच्या गाड्या कुठे लागणार? आमच्याकडे पहिल्या दिवसापासून त्या रुग्णालयाच्याच वाहनतळात लागायच्या. सकाळी सातला ते यायचे, आमची रात्रपाळी सुटायची आठला, आणि सकाळच्या पाळीची बाई गाडी लावायला जागा शोधत आवाराला चकरा मारत असायची. ती वर पोचेपर्यंत मला वॉर्ड सोडता येत नसे.